‘करणे’ एक, क्रियापदं अनेक : शब्दांच्या सोबतीचा इतिहास

कापूस वेचतात, गहू सोंगतात, संत्री तोडतात आणि भुईमूग उपटतात. चारही ठिकाणी काम एकच, तयार झालेलं पीक हाती घ्यायचं. तरी ‘आम्ही काल कापूस सोंगला’ असं कोणी म्हटलं, तर अमरावती-अकोल्याकडचं शाळकरी पोरगंही हसेल. व्याकरणाच्या दृष्टीनं त्या वाक्यात काहीच चूक नाही. कर्ता आहे, कर्म आहे, काळही बरोबर आहे. चुकली आहे ती सोबत. कापसाला ‘वेचणे’ लागतं, ‘सोंगणे’ चालत नाही. का चालत नाही? त्याला नियम नाही. तशी पद्धत आहे, एवढंच.

शब्दांच्या या सोबतीला भाषाशास्त्रात कोलोकेशन म्हणतात. मी विज्ञान शाखेचा, भाषाशास्त्र हा काही माझा विषय नाही. पण सिनॉप्सिस आणि शोधनिबंध इंग्रजीत लिहायचे म्हटले, की ही गोष्ट रोज आडवी येते. म्हणून आज तिचा इतिहास बघू. तो माहीत झाला की आपली अर्धी भीती जाते, असं माझं मत आहे. का, ते लेखाच्या ओघात येईलच.

अडचण नेमकी कुठे आहे

आपलं ‘करणे’ हे क्रियापद फार उदार आहे. आपण प्रयोग करतो, सर्वेक्षण करतो, विश्लेषण करतो, वापर करतो, अर्ज करतो आणि चूकही करतो. इंग्रजीत याच जागी ‘डू’, ‘मेक’, ‘परफॉर्म’, ‘कंडक्ट’, ‘कॅरी आउट’ असा मोठा गोतावळा उभा असतो. चूक ‘मेक’ करतात, पण रिसर्च ‘मेक’ करत नाहीत. रिसर्च ‘डू’, ‘कंडक्ट’ किंवा ‘कॅरी आउट’ होतो. सर्व्हे बहुधा ‘कंडक्ट’ होतो. ‘वापरणे’चं तसंच. ‘यूज’, ‘एम्प्लॉय’, ‘अप्लाय’, ‘युटिलाइझ’, ‘मेक यूज ऑफ’ हे सगळे शब्दकोशात एकाच रांगेत दिसतात, पण वाक्यात एकमेकांच्या जागी बसतीलच असं नाही.

मग काय होतं? आपण मराठीतली सोबत जशीच्या तशी उचलून इंग्रजीत ठेवतो. शेतात आपण खत ‘देतो’, म्हणून ‘गिव्ह फर्टिलायझर’ लिहिलं जातं. कृषीच्या शोधनिबंधात तिथे ‘अप्लाय’ येतं. सॉफ्टवेअरची ‘मदत घेतली’, म्हणून ‘टुक द हेल्प ऑफ सॉफ्टवेअर’. तिथे साधं ‘यूझिंग’ पुरतं. विद्यार्थी परीक्षा ‘देतो’ आणि मास्तर ती ‘घेतात’, हे आपलं गणित. इंग्रजीत विद्यार्थीच परीक्षा ‘टेक’ करतो, म्हणजे सगळं उलटं.

या चुका छोट्या आहेत, त्यांनी विज्ञान बिघडत नाही. पण दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकून, पेट पास होऊन, आरआरसीसमोर उभ्या राहणाऱ्या विद्यार्थ्याच्या मनावर त्यांचं ओझं मोठं असतं. सिनॉप्सिसवर अशा दहा ठिकाणी लाल खुणा आल्या, की तो म्हणतो, ‘आपलं इंग्रजीच कच्चं आहे, आपल्याच्यानं हे होत नाही.’ मग इंग्रजी कच्चं म्हणजे डोकंही कच्चं, असा चुकीचा हिशेब तो स्वतःच मांडून मोकळा होतो. हा हिशेब का चुकीचा आहे, ते इतिहास सांगतो. सुरुवात इंग्रजीपासून नाही, मराठीपासूनच करावी लागेल.

मोल्सवर्थनं काय टिपलं

जेम्स थॉमस मोल्सवर्थ हा ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई फौजेतला अधिकारी. शास्त्री-पंडितांच्या मदतीनं त्यानं मराठी-इंग्रजी शब्दकोश तयार केला. पहिली आवृत्ती 1831 मध्ये निघाली, दुसरी मोठी आवृत्ती 1857 मध्ये. दुसऱ्या आवृत्तीत सुमारे 60,000 शब्द आहेत. लोक त्याला ‘मोलेसरशास्त्री’ म्हणत. इंग्रजी-मराठी शब्दकोशाचं कामही त्यानंच सुरू केलं होतं. ते थॉमस कँडीनं पुरं केलं आणि तो कोश 1847 मध्ये छापला गेला.

मोल्सवर्थचा कोश आज शिकागो विद्यापीठाच्या डिजिटल ग्रंथालयात फुकट बघता येतो. तो उघडला की एक खूण वारंवार दिसते. नामाचा अर्थ देऊन झाला, की बऱ्याच ठिकाणी तो ‘व्ही’ हे अक्षर टाकतो आणि त्यापुढे कर, दे, मार, घाल, लाव अशी क्रियापदं लिहितो. ‘व्ही’ म्हणजे व्हर्ब, क्रियापद. हे नाम वाक्यात वापरायचं असेल तर त्याला यातलं क्रियापद जोडा, असा त्याचा अर्थ.

हे त्यानं का केलं असेल, याचा विचार करा. आपण उडी मारतो, शपथ घेतो, पैज लावतो, हाक देतो किंवा मारतो, आंघोळ करतो. आपल्याला यात शिकण्यासारखं काही वाटत नाही, कारण ते आईच्या मांडीवर शिकून झालेलं असतं. पण इंग्लंडहून आलेल्या माणसाला ‘उडी’ या शब्दाचा अर्थ कळला तरी ती ‘मारायची’ असते, हे कोण सांगणार? तो ‘उडी केली’ म्हणणार आणि लोक हसणार. परक्याला जी ठेच लागते, तीच त्यानं खूण करून कोशात नोंदवली. ‘कोलोकेशन’ हा शब्द भाषाशास्त्रात रुळायच्या कितीतरी आधीची ही गोष्ट आहे.

आजच्या लेखाचा मुख्य मुद्दा हाच. शब्दांची सोबत घरच्या माणसाला सहसा दिसत नाही, ती बाहेरून आलेल्याला दिसते. पुढचा सगळा इतिहास या एका वाक्याभोवती फिरतो.

नामं येतात-जातात, ‘करणे’ राहतं

आता प्रश्न असा, की मराठीत ‘करणे’ एवढं का पसरलं? त्याचं एक उत्तर आपल्या वऱ्हाडच्या इतिहासात आहे. 1490 पासून इथे इमादशाही होती आणि अचलपूर हे तिचं मोठं ठाणं. त्याआधी बहमनी, नंतर निजामशाही, मोगल आणि हैदराबादचे निजाम. शेकडो वर्षं दरबाराची भाषा फारसी राहिली. त्यातून मराठीत अर्ज, जमा, वसूल, तपास, मेहनत, खर्च असे शब्द आले. पण ते आले नाम किंवा विशेषण म्हणून. त्यांना वाक्यात उभं करायला मराठीनं घरचंच क्रियापद जोडलं. अर्ज करणे, जमा करणे, वसूल करणे, मेहनत घेणे. फारसीतही ‘करणे’ या अर्थाचं क्रियापद असंच नामांना जोडतात, त्यामुळे हा सांधा सहज बसला.

शिवाजी महाराजांच्या काळात ‘राज्यव्यवहारकोश’ तयार झाला. कारभारातल्या फारसी शब्दांना त्यात संस्कृत प्रतिशब्द दिले. लक्षात घ्या, बदलायची होती ती मुख्यतः नामं. करणे, देणे, घेणे ही क्रियापदं जागच्या जागी राहिली. पुढे 1853 मध्ये वऱ्हाडचा कारभार निजामाकडून इंग्रजांकडे गेला. आज आपण ‘अप्लाय केलं’, ‘सबमिट केलं’, ‘सर्च करून राहिलो’ म्हणतो, ती ‘अर्ज केला’चीच पुढची पिढी आहे. पाहुणा बदलला, पण यजमान ‘करणे’च.

वापराच्या शब्दांचे थरही बघण्यासारखे आहेत. ‘काम’ हा शब्द संस्कृत ‘कर्म’पासून प्राकृतातून झिजत आला. ‘वापरणे’चं नातं ‘व्यापार’शी आहे, म्हणजे कामाला लावण्याशी. ‘उपयोग’ सरळ संस्कृतातून घेतलेला. आणि ‘प्रयोग’? त्याचा जुना अर्थच मुळी ‘वापर’ असा आहे. म्हणून व्याकरणात कर्तरी प्रयोग असतो, नाटकाचा प्रयोग लागतो, आणि हिंदीत आजही ‘प्रयोग करना’ म्हणजे वापरणं. प्रयोगशाळेतला प्रयोग ही त्याची नंतरची नोकरी. जुन्या बखरींत लढाईत माणसं ‘कामी येतात’, म्हणजे मारली जातात. आज आपण ‘हे पुस्तक कामी आलं’ म्हणतो तेव्हा कोणी दचकत नाही. शब्द तेच, सोबत बदलली की अर्थ बदलला.

इंग्रजीत एवढी क्रियापदं आली कुठून

जसे आपले थर, तसेच इंग्रजीचे. ‘डू’, ‘मेक’ आणि ‘वर्क’ हे इंग्रजीचे घरचे, जुने शब्द. 1066 मध्ये फ्रान्सच्या नॉर्मंडीतल्या लोकांनी इंग्लंड जिंकलं आणि पुढची काही शतकं दरबार आणि न्यायालयं फ्रेंच बोलली. त्या वाटेनं ‘यूज’ आला, ‘अप्लाय’ आला, ‘एम्प्लॉय’ आला. ‘युटिलाइझ’ तर अगदी अलीकडचा, साधारण 200 वर्षांपूर्वी फ्रेंचमधून घेतलेला.

म्हणजे इंग्रजीत वापराचे चार शब्द आहेत, ते चार वेगवेगळ्या काळांत दाराशी आले म्हणून. प्रत्येकानं आपापली जागा पकडली. पद्धत, औषध, खत, नियम यांच्याशी ‘अप्लाय’ची मैत्री झाली. माणूस, तंत्र, डावपेच यांच्याशी ‘एम्प्लॉय’ची. ‘यूज’ सगळीकडे चालतो. ‘युटिलाइझ’ हा वजनदार दिसतो म्हणून आपल्याकडे सिनॉप्सिसमध्ये त्याची फार गर्दी असते, पण बहुतेक वेळा साधा ‘यूज’ जास्त बरोबर असतो. ‘वापर’च्या जागी प्रत्येक वेळी ‘उपयोजन’ लिहिलं तर मराठी वाचकाला कसं वाटेल, तसंच ते.

आणि ही सोबत कायमचीही नसते. लंडनची रॉयल सोसायटी 1660 मध्ये स्थापन झाली आणि 1665 पासून तिचं नियतकालिक निघू लागलं. त्या काळच्या इंग्रजी लेखनात प्रयोग ‘मेक’ किंवा ‘ट्राय’ केले जात. आजच्या शोधनिबंधात ते ‘परफॉर्म’, ‘कंडक्ट’ किंवा ‘कॅरी आउट’ होतात. मधल्या काळात प्रयोगाचं तर्कशास्त्र बदललं म्हणून हे झालं नाही. चाल बदलली, एवढंच. म्हणजे आज जे चूक ठरतं, ते कधीकाळी विज्ञानातल्या मोठ्या लोकांच्या लेखणीतही सापडलं असतं.

लाहोर, ढाका आणि टोकियो

मोल्सवर्थनं परका म्हणून मराठीची सोबत टिपली. इंग्रजीची सोबत कोणी टिपली? बऱ्याच अंशी इंग्लंडबाहेर, परक्यांना इंग्रजी शिकवणाऱ्या लोकांनी.

मायकेल वेस्ट ढाक्यात शिक्षकांना शिकवायचा. बंगालमधल्या मुलांना इंग्रजी वाचन का जड जातं, यावर त्यानं अभ्यास केला आणि 1926 मध्ये पुस्तक लिहिलं. पुढे 1953 मध्ये शिकणाऱ्यांसाठी सगळ्यात गरजेच्या सुमारे 2,000 इंग्रजी शब्दांची त्याची यादी प्रसिद्ध झाली.

हॅरॉल्ड पामर 1922 मध्ये जपानला गेला आणि टोकियोत इंग्रजी अध्यापनाच्या संशोधनाची संस्था चालवू लागला. जपानी विद्यार्थ्यांना शब्दांचे अर्थ पाठ असूनही वाक्य जमत नाही, याचं कारण शोधताना तो शब्दांच्या जोड्यांपाशी पोचला. 1933 मध्ये त्यानं इंग्रजी कोलोकेशन्सवर अख्खा अहवाल काढला. त्याच्यासोबत काम करणाऱ्या ए. एस. हॉर्नबीनं शिकणाऱ्यांसाठी शब्दकोश तयार केला. तो 1942 मध्ये, महायुद्ध चालू असताना, टोकियोत छापला गेला. 1948 मध्ये ऑक्सफर्डनं तो पुन्हा काढला. आपल्याकडच्या वाचनालयांत ऑक्सफर्डची जी जाडजूड ‘ॲडव्हान्स्ड लर्नर्स डिक्शनरी’ दिसते, तिचं मूळ हे. ती इंग्लंडच्या मुलांसाठी नाही, जपानच्या मुलांसाठी सुरू झाली.

तिसरा माणूस जे. आर. फर्थ. 1920 च्या दशकात तो लाहोरला पंजाब विद्यापीठात इंग्रजीचा प्राध्यापक होता. पुढे लंडनला जाऊन त्यानं ‘कोलोकेशन’ या शब्दाला भाषाशास्त्रात पक्की जागा दिली, ती 1951 च्या एका लेखातून. शब्दाचा अर्थ कळायला त्याचे शेजारी बघा, हे त्याचं सांगणं. आज संगणकाला भाषा शिकवणारे लोकही याच कल्पनेवर काम करतात.

मग संगणक आला. बर्मिंगहॅम विद्यापीठात जॉन सिंक्लेअरच्या गटानं प्रत्यक्ष वापरातल्या इंग्रजीचा मोठा साठा संगणकात भरला आणि 1987 मध्ये त्यावर आधारलेला शब्दकोश काढला. त्यातून एक गोष्ट ठळक झाली. ‘मेक’, ‘टेक’, ‘डू’, ‘गिव्ह’ यांसारखी सगळ्यात जास्त वापरातली क्रियापदं बहुतेक वेळा स्वतःचा अर्थ बाजूला ठेवूनच येतात. अर्थ नामात असतो, क्रियापद फक्त त्याला उचलून धरतं. आपल्या ‘उडी मारणे’त ‘मारणे’चा मार कुठे असतो? तसंच.

ढाका, टोकियो, लाहोर. नकाशावर बोट ठेवून बघा. इंग्रजीची ही बाजू उजेडात आली ती आपल्यासारख्या शिकणाऱ्यांच्या अडचणीतून. तेव्हा ‘डू’ की ‘मेक’ असा प्रश्न पडणं हे अडाणीपणाचं लक्षण नाही. त्याच प्रश्नातून एक अख्खी ज्ञानशाखा उभी राहिली आहे.

सोबत मोडली की काय होतं

याची उलट बाजूही बघा. उचललेला मजकूर ओळखू येऊ नये म्हणून काही जण शब्द बदलून देणारी सॉफ्टवेअर वापरतात. ती शब्दाच्या जागी समानार्थी शब्द ठेवतात, सोबत बघत नाहीत. 2021 मध्ये गिलोम कबानाक आणि त्याच्या सहकाऱ्यांनी छापून आलेल्या शोधनिबंधांत असे विचित्र शब्द शोधून काढले. ‘आर्टिफिशियल इंटेलिजन्स’च्या जागी ‘काउंटरफिट कॉन्शसनेस’, म्हणजे बनावट जाणीव! ‘बिग डेटा’चं झालं ‘कोलॉसल इन्फर्मेशन’. कोणी तरी ‘कापूस सोंगला’ लिहावं आणि चोरी तिथेच उघडी पडावी, तसं हे झालं. शोधनिबंध मागे घेण्यापर्यंत गोष्टी गेल्या. सोबतीचं भान नसलेलं यंत्र आपल्या हातात असेल, तर सांभाळून.

इथे एक शंका नेहमी येते. दुसऱ्याच्या पेपरमधली शब्दांची जोडी वापरली तर ती चोरी नाही का? नाही. ‘कंडक्ट अ सर्व्हे’ कोणाच्या मालकीचं नाही, जसं ‘कापूस वेचणे’ कोणाच्या मालकीचं नाही. जोडी सगळ्यांची असते. वाक्य, आकडा, युक्तिवाद हे मात्र ज्याचे त्याचे. जोडी घ्या, वाक्य स्वतःचं करा.

आपण काय करायचं

मोल्सवर्थची रीत उचलायची. त्याच्या नोंदीत आधी नाम आणि मग क्रियापद असतं. आपण मात्र उलटं करतो. ‘करणे’ला इंग्रजीत काय म्हणतात हे आधी शोधतो आणि मग त्याला नाम जोडतो. तिथेच फसतो. नाम आधी धरा, क्रियापद तेच निवडतं.

एक वही करा. आपल्या विषयातले दहा चांगले शोधनिबंध घ्या आणि त्यांचा फक्त पद्धतीचा भाग वाचा. पानाच्या डाव्या बाजूला नाम लिहा, उजव्या बाजूला त्या नामासोबत प्रत्यक्ष आलेलं क्रियापद. सॅम्पल ‘कलेक्ट’. रीडिंग ‘टेक’. ऑब्झर्वेशन ‘मेक’ किंवा ‘रेकॉर्ड’. डेटा ‘ॲनलाइझ’. मेथड ‘यूज’ किंवा ‘अप्लाय’. कन्क्लुजन ‘ड्रॉ’. शेवटच्या दोघांकडे बघा, निष्कर्ष आपणही ‘काढतो’च की. म्हणजे सगळंच परकं नसतं. जिथे मराठी आणि इंग्रजीची सोबत जुळते तिथे बरोबरची खूण करा आणि तो भाग विसरून जा. जिथे जुळत नाही, खत ‘देणे’ आणि ‘अप्लाय’सारखं, तिथे लाल शाईनं रेघ ओढा. पाठ करायची ती फक्त लाल रेघ.

ही यादी विषयागणिक वेगळी होते, म्हणून तयार यादी विकत घेऊन फारसं भागत नाही. अकोल्याच्या कृषी विद्यापीठात मृदाशास्त्रावर काम करणाऱ्याची वही आणि अमरावतीला रसायनशास्त्रात काम करणाऱ्याची वही सारखी नसणार. एक ‘अप्लाय’नं भरेल, दुसरी ‘परफॉर्म’ आणि ‘कॅरी आउट’नं. दोन महिन्यांत शंभर-दीडशे जोड्या जमल्या, तरी सिनॉप्सिसपुरतं काम भागतं.

आणि पुढच्या वेळी गाईडनं ‘मेक रिसर्च’खाली लाल रेघ मारली, तर ती वहीत उतरवा आणि पुढे चला. ती रेघ एका जोडीबद्दल आहे. तुमचा प्रश्न चांगला आहे की नाही, तुमचं मोजमाप नीट आहे की नाही, हे तपासणारी रेघ वेगळी असते. आपली खरी मेहनत तिच्यासाठी राखून ठेवा.